प्याला घासणारे हात

प्याला आईच्या ओठांपाशी आला होता. तेवढ्यात पंचांनी मध्ये हात घातला.

"तुला नाही," ते म्हणाले. "आधी देवाचं भय धरायला शीक."

दौंडचं आमचं चर्च भरलेलं होतं. आई वेदीच्या पायरीपुढं गुडघे टेकून, तोंड अर्धवट उघडं. पाळकसाहेबांनी प्याला मागं घेतला, रुमालानं कड पुसली आणि शेजारच्या बाईपुढं धरला. कड कशाला पुसली? आईचे ओठ लागलेच नव्हते.

तोच प्याला आई घासते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीचा पाव आणि द्राक्षरस. म्हणून आदल्या दिवशी चर्च झाडायचं, प्याला लख्ख करायचा, पावाच्या कडा काढून तुकडे करायचे. त्या वेळी तिच्या हातांना देवाचं भय आहे का, हे कुणी विचारलं नाही. फुकट राबणारे हात सगळ्यांना चालतात.

गुन्हा काय, तर माझा मामा वारला. आईचं माहेर इनामगावच्या बौद्ध वस्तीत. लग्न करून ती ख्रिस्ती घरात आली, पण भाऊ तर भाऊच राहिला ना? त्याला निरोप देताना वंदना सुरू झाली, तेव्हा आई भावंडांच्या रांगेत हात जोडून उभी राहिली. मामेभावानं फोटो स्टेटसला ठेवला. फिरत फिरत तो पंचांच्या मोबाइलवर आला.

पंच म्हणजे चर्चचा कारभार बघणारे, रेल्वेतले रिटायर साहेब. पहिला बाक त्यांच्या घराण्याचा, त्यावर आजोबांच्या नावाची पाटी. आम्ही मागं, दाराजवळ, चपलांशेजारी. आई वयानं मोठी, तरी तिला अगंतुगं. हेच साहेब कारखान्याच्या चेअरमनकडं सत्यनारायणाला जातात, गंध लावून घेतात, शिरा खातात, वर फोटोही टाकतात. "समाजात राहायचं तर करावं लागतं," म्हणे. तेवढा वेळ यांचा देव बंगल्याबाहेर गाडीत बसून राहत असावा.

उपासना संपल्यावर फर्मान निघालं. पुढच्या रविवारी आईनं मंडळीपुढं उभं राहायचं. आमच्यात ही रीत आहे. चुकलेल्यानं सगळ्यांसमोर चूक कबूल करायची, मग प्याला परत मिळतो. पहिल्या बाकावरचं कुणी उभं राहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. काय बोलायचं तेही पंचांनीच पढवलं. "माझ्या मनात देवाचं भय उरलं नव्हतं, म्हणून मी परक्या वंदनेत हात जोडण्याचं पाप केलं."

"आई अडखळेल," ते मला म्हणाले. "तू शिकलेली आहेस, कंपनीत जातेस. तिच्याशेजारी उभी राहा आणि तूच बोल."

मी कुरकुंभला पॅकिंगमध्ये आहे. सुपरवायझरपुढं मान हलवायची सवय. इथंही मी "बरं काका" म्हणाले. आईला प्याला हवा होता. त्याच्यासाठी ती काहीही ऐकायला तयार होती.

घरी ती भाकरी थापता थापता तेच पुटपुटत होती. 'पाप' हा शब्द आला की अडायची. मी विचारलं, "आई, खरंच तुला देवाचं भय वाटलं नव्हतं?"

तिचा हात थांबला. "लई वाटलं व्हतं. भाऊ मातीत चालला आन् म्या परक्यावानी हात बांधून उभी ऱ्हायले असते, तर देवाला काय त्वांड दावलं असतं? त्याच्याच भ्यानं हात जोडलं, बाई."

मला स्वतःची लाज वाटली. लहानपणापासून आम्हाला शिकवलं, देवाचं भय म्हणजे छडी. ती छडी कायम पंचांच्या हातात. आणि माझी अडाणी ठरवलेली आई देवाच्या मनातून उतरायला भीत होती. छडीचं तिला भय नव्हतं, मार तर तिनं आयुष्यभर खाल्ला होता.

रविवारी आम्ही दोघी उभ्या राहिलो.

"बोल," पंच म्हणाले.

"माझ्या आईनं देवाला भिऊनच हात जोडले," मी म्हणाले. "त्याला पाप म्हणायचं खोटं मी देवासमोर बोलणार नाही. काका, तुम्ही कुणाला भिऊन गंध लावून घेतलं?"

कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं. पंच ओरडले, "बस खाली!" एरवी शास्त्र तोंडपाठ असलेल्या माणसाला एवढंच सुचलं.

रिक्षात आई रडली. "प्याला गेला की गं माझा."

गेला. अजून मिळालेला नाही. मी तिला खोटा धीर दिला नाही. चर्चची किल्ली तेवढी तिच्या कमरेची सोडली आणि पंचांच्या दारात नेऊन ठेवली. आता प्याला कोण घासतं कोण जाणे. त्यावर काळपट थर चढलाय. दाराजवळून दिसतो.

येत्या प्रभुभोजनाला मी आईला घेऊन पायरीपाशी जाणार आहे. तिच्याशेजारी गुडघे टेकणार आहे. पंचांचा हात मध्ये आला, तर भरल्या चर्चमध्ये तो धरून बाजूला करणार आहे. मी देवाला भिते. या माणसात भिण्यासारखं काही नाही. आईच्या ओठांना प्याला लागल्याशिवाय आम्ही दोघी तिथून उठणार नाही.