ताईचा कुलूपबंद पडदा

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तपासण्यांचे निकाल ज्या एका संगणकावर उतरतात, तो ताईच्या ताब्यात. मोठ्या डॉक्टरांपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात. संगणक जुनाट, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. खुर्चीवरून उठायचं झालं की ताई एका शब्दाची आज्ञा टाइप करते, एंटर मारते, आणि पडदा पासवर्ड मागत बसतो. आत यंत्रांचं काम चालू राहतं, बाहेरच्याला मात्र काही दिसत नाही. पाणी प्यायला उठली तरी कुलूप. ताई शिंकण्याआधीही कुलूप लावते, अशी डॉक्टर चेष्टा करायचे. ताई म्हणायची, हसा खुशाल.

धाकट्या भावाचं लग्न ठरत आलं, तेव्हा या कुलपाची खरी कसोटी लागली. मुलगी सगळ्यांना पसंत होती. पण तिची कसलीशी तपासणी ताईकडेच झाल्याचं आईच्या कानावर आलं आणि तिच्या जिवाला घोर लागला. तिने भावाला ताईकडून तो निकाल काढून आणायला पिटाळलं. ताईने त्याचं ऐकून घेतलं, त्याच्या देखत कुलूप लावलं आणि एका रुग्णाचं रक्त घ्यायला आत गेली. पठ्ठ्या गप्प बसतो थोडाच! त्याने ताईचं लाडाचं नाव घालून पाहिलं, वाढदिवस घातला, घरच्या मांजराचंही नाव घातलं. पडदा आपला ढिम्म.

"जे विचारायचं ते तिलाच विचार," बाहेर येऊन ताई म्हणाली. "सांगायचं की नाही, ते ती ठरवेल."

त्याने विचारलं. काय उत्तर मिळालं ते त्या दोघांनाच ठाऊक. लग्न मात्र झालं. तरी आईने ताईशी अबोला धरला. परक्या मुलीपायी सख्ख्या आईचा शब्द मोडला, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. ताईला फार लागायचं ते. पण ती बधली नाही.

मग एकदा आईच्याच छातीत गाठ लागली. तिचा तुकडा तपासायचा होता. कुठेतरी लांब करू, असं ताईच्या सख्ख्या मावशीने सुचवलं, पण आईने हट्टाने ताईचीच प्रयोगशाळा धरली. निकाल यायच्या दिवशी दोघी बहिणी बाकावर बसून होत्या. निकाल उतरला. ताईने तो वाचला, पडद्याला कुलूप लावलं आणि आईला डॉक्टरांकडे न्यायला उठली. मावशी आडवी आली, मला तरी सांग म्हणून गळ घालू लागली.

"तिला विचारू नकोस," आई बाकावरूनच म्हणाली, चांगली चारचौघांना ऐकू जाईल अशी. "माझी लेक आहे ती. माझी गोष्ट माझ्याआधी कुणाला सांगायची नाही."

गाठ साधी होती, हे आईने डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊन स्वतःच्या तोंडाने मावशीला सांगितलं. ताई जागेवर परतली. ऊर अभिमानाने इतका भरून आला होता की पासवर्ड टाकताना तिची बोटं पहिल्यांदाच चुकली.