खोपीचा पत्ता

"आधी दारातली रांगोळी पुरी कर. मग तुझी आयडिया सांग."

आमचे विभागप्रमुख सर हे भर सभागृहात बोलले. माईकवरून. माझा नंबर आला म्हणून मी उठले होते, हातात कागद होता. माझ्याआधी चार पोरं बोलून गेली. त्यांना कुणी काही पुरं करायला सांगितलं नव्हतं. मी कागद खुर्चीवर ठेवला, बाहेर गेले आणि संस्थेच्या चिन्हात हिरवा रंग भरून आले. परत आले तेव्हा अध्यक्षसाहेब येऊन बसले होते आणि माझा नंबर शेवटी गेला होता.

बीडमधलं आमचं इंजिनिअरिंगचं कॉलेज. साहेब संस्थेचे मालक आणि राजकारणातलेही. शेती त्यांची, ट्रॅक्टर त्यांचे, ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे मुकादम त्यांच्या शब्दातले. कॉलेजात त्यांच्या फोटोशिवाय भिंत नाही. मुलींच्या संडासाकडं जाणाऱ्या बोळातसुद्धा साहेब हसतमुख उभे आहेत.

त्या दिवशी विषय ओपन सोर्सचा होता. ओपन सोर्स म्हणजे एकट्या कुणाच्या मालकीचं नसलेलं सॉफ्टवेअर. कुणीही आत डोकवावं, कुणीही दुरुस्त करावं. असे जगभरचे प्रकल्प दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना कामाला घेतात. विद्यार्थ्यानं कल्पना मांडायची. पसंत पडली तर एक अनुभवी माणूस, त्याला मेंटॉर म्हणतात, उन्हाळाभर हाताशी धरून शिकवतो, आणि तुमचं काम खरोखर लोकांच्या मोबाईलमध्ये जातं. सर म्हणाले, सगळ्यांनी कल्पना आणा. पोरांनी आणल्या. हजेरीचं ॲप. कँटीनचं ॲप. परत हजेरीचं ॲप.

माझी कल्पना खोपीची होती.

आमचं घर नांदूरघाटच्या बाजूला. दसरा झाला की घराला कुलूप. माय, दादा म्हणजे माझे वडील, भाऊ, वहिनी टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊस तोडायला. फडाच्या कडेला पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची, खोपी घालायची, हंगामभर तिच्यात राहायचं, हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की मोडायची. मीही लहानपणी तशाच खोप्यांत वाढले. वसतिगृहात जागा मिळाली म्हणून शिकले.

मागच्या हंगामात वहिनीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. भर दुपारी. भावानं रुग्णवाहिकेला फोन लावला. तिथं बोलण्यापुरती रेंज यायची, इंटरनेटचं नावच नको. पलीकडून विचारलं, "पत्ता सांगा." भाऊ म्हणाला, "उसाच्या फडात." "कोणत्या फडात?" आता काय सांगावं? चौफेर ऊसच. गावाचं नाव सांगितलं तर गाडी गावात गेली. गाव लांब. नंतर गाडीचा भोंगा ऐकू यायला लागला. भाऊ टॉवेल हलवत बांधाबांधानं पळत होता, पण ऊस डोक्याच्या वर, टॉवेल दिसणार कुणाला? गाडी जवळून गेली. परत आली, परत गेली. खोपी सापडली तेव्हा बाळ झालं होतं आणि गेलंही होतं. मुलगी होती.

माय म्हणाली, "देव देतंय अन् कर्म नेतंय." मला तेव्हाही ते पटलं नाही. कर्माचा काय संबंध? गाडी होती, ड्रायव्हर होता, पेट्रोल होतं. नव्हता तो फक्त पत्ता.

इंटरनेट नसताना चालणारं एक नकाशाचं ॲप आहे. ओपन सोर्स. मी ते उलटंपालटं करून बघितलं. त्यात गाव दाखवता येतं, देऊळ दाखवता येतं, हातपंपसुद्धा. पण काही महिन्यांपुरती असणारी वस्ती दाखवायची सोय नाही. माझी कल्पना एवढीच होती. टोळी उतरली की एकानं मोबाईलवर खूण करायची आणि खोपीला एक छोटा आकडा मिळायचा. फोनवर तेवढा आकडा सांगितला की ड्रायव्हरला जागा कळली. हंगाम संपला की खूण आपोआप पुसली जायची, नाहीतर पुढच्या वर्षी गाडी मोकळ्या रानात जाऊन उभी राहायची.

मी हे सगळं त्या माईकवर सांगितलं. वहिनीचंसुद्धा. माझी बोटं अजून हिरवी होती.

साहेब खुर्चीत मागं रेलले. "खोपीला कुठं पत्ता असतो का गं पोरी?"

सभागृह हसलं. आधी पुढच्या रांगा, मग मागच्या. मागच्यांना ऐकूही आलं नसेल, साहेब बोलले म्हणजे हसायचं एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांतल्या कितीकांची माय त्या वेळी फडात होती. तीही पोरं हसली. मला साहेबांपेक्षा त्यांचा राग आला आणि रागापेक्षा रडू जास्त आलं. सर घाईघाईनं उठले. "साहेब, लेकरं हायत. जागतिक काम म्हणजे काय, समजत न्हाई त्यांला." आणि माईक काढून घेतला.

तरी मी सोडलं नाही. वेडी आशा म्हणतात ती हीच असावी.

सरांनी कार्यक्रमाच्या शेवटी जाहीर केलं होतं, "सगळ्यांचे प्रस्ताव विभागामार्फत जातील. परस्पर कुणी काही पाठवायचं न्हाई." मी प्रस्ताव लिहिला. इंग्रजी लिहिताना माझा घाम निघतो, तरी लिहिला. खुणेचा एक कच्चा नमुनाही कॉलेजच्या संगणकावर चालवून बघितला, शिपाईमामा कुलूप लावायला येईपर्यंत बसून. मग सरांच्या केबिनबाहेर उभी राहायला लागले.

"ठेव तिथं." मग, "बघतो." मग, "साहेबांना दाखवायचं हाय." एकदा आत बोलावलं आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलं. वहिनीचा परिच्छेद. "हे काढ. बाळंतपण-बिळंतपण. कॉलेजची इज्जत जाईल." मी काढला. त्या परिच्छेदासाठीच तर सगळं लिहिलं होतं, पण काढला. पुढं जायचं तर सरांच्या हातून जायचं होतं.

एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. त्या नकाशावाल्यांच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं: ज्याला काम करायचं त्यानं थेट आमच्याशी बोलावं. मी वाचलं होतं. एकदा नाही, कितीदा तरी. पण खरं मानलं नाही. आमच्याकडं प्रत्येक कचेरीच्या दारावर लिहिलेलं असतं, मध्यस्थ टाळा, थेट भेटा. भेटतंय का कुणी? रेशन कार्डाला कुणाच्या तरी मार्फत जावं लागतं, दाखल्याला कुणाच्या तरी मार्फत, दवाखान्यात खाट पाहिजे तरी साहेबांची चिठ्ठी लागते. थेट गेलेला माणूस दिवसभर बाकड्यावर बसतो आणि संध्याकाळी उद्या या ऐकून घरी येतो. मग परदेशातल्या कुणी तरी लिहिलं, थेट या, तर ते माझ्यासाठी कसं असेल? ते मोठ्या शहरातल्या पोरांसाठी असेल, असंच मी धरून चालले.

शेवटच्या तारखेला सरांना गाठलं. "सर, गेला का माझा?" सर गाडीला चावी लावत होते. "गेला, गेला. झालं तुझं काम."

मला इतका आनंद झाला की मी मायला फडावर फोन केला. तिला ओपन सोर्स काय कळणार. तिनं विचारलं, "नोकरी लागली का?" म्हटलं, "न्हाई माय, पण अर्ज गेला." ती म्हणाली, "जाऊ दे, गेला तर खरा."

पुढं कॉलेज तपासायला समिती आली. दारात भला मोठा फ्लेक्स. वर साहेब, खाली 'आमच्या विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय उपक्रमात सहभाग'. टेबलावर सगळ्यांचे प्रस्ताव गुळगुळीत कव्हर घालून मांडलेले. माझाही होता. समितीतल्या बाईंनी दोन पानं चाळली, मान हलवली आणि चहाकडं वळल्या.

निकाल लागला. यादीत माझं नाव नव्हतं. त्याचं मला फार वाटलं नाही. जगातून एवढी पोरं असणार, आपण कुठं? पण काय चुकलं ते कळावं, पुढच्या खेपेला सुधारता येईल, म्हणून मी पहिल्यांदा स्वतः लिहिलं. त्या नकाशाच्या प्रकल्पातल्या मेंटॉर बाईंना. पाच ओळी लिहायला दुपार गेली.

उत्तर लगेच आलं. त्यांनी लिहिलं होतं, तुमच्या नावाचा प्रस्ताव आमच्याकडं आलेला नाही. तुमच्या कॉलेजातून कुणाचाच नाही. कॉलेजनं पाठवायचं असं काही नसतंच, ज्याचं त्यानंच पाठवायचं असतं. तुम्ही का नाही आलात? हे काम आम्हाला हवं होतं आणि ते करायला कुणी नाही. आता या वर्षीचं बंद झालं, मला खरंच वाईट वाटतं.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर, गावाकडच्या बसची वाट बघत मी हे वाचलं. धाब्यावर माणसं जेवत होती, ट्रक हॉर्न वाजवत होते. मी जिथं रांग नव्हतीच तिथं रांगेत उभी होते. कुणी ढकललं नव्हतं. कुणी नाही म्हटलं नव्हतं. कळशी घेऊन भरल्या आडावर जावं आणि दोरी मिळेल म्हणून कुणाच्या तरी ओट्यावर बसून राहावं, तसं झालं. बस आली ती तशीच सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेले. "सर, तुम्ही पाठवलंच नाही."

सर चिडले नाहीत. हेच मला जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, "अगं, समितीला दाखवायला पाहिजे होते ते. आणि पाठवून काय होणार होतं? तिथं आपलं कोण बसलंय?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आपलं माणूस बसलेलं नसेल तिथं आपलं काही होत नाही, हे त्यांना पटलेलं होतं, आणि मलाही पटलेलं होतं. म्हणून तर मी उभी राहिले होते केबिनबाहेर. त्या दिवशी मला सरांची कीव आली आणि माझी चीड आली.

त्याच आठवड्यात सत्कार ठेवला. सहभागी विद्यार्थ्यांना साहेबांच्या हस्ते प्रमाणपत्र. माझं नाव पुकारलं. मी वर गेले. साहेबांनी प्रमाणपत्र पुढं केलं, फोटोवाला म्हणाला, इकडं बघा. मी हात पुढं केला नाही.

"साहेब, माझा प्रस्ताव कुठंच गेला नाही. कुणाचाच गेला नाही. हे मला नको."

माईक लांब होता, पण पुढच्या रांगांना ऐकू गेलं. कुणी हसलं नाही. साहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. नाव विचारलं नाही. विचारलं, "कोणाची हाय गं तू?"

मी दादांचं नाव सांगितलं. गावही सांगितलं. खोटं कशाला बोलायचं?

संध्याकाळच्या आत मुकादमाचा फोन दादांना गेला होता. मी घरी पोचले तेव्हा दादा ओसरीवर बसलेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गयावया करत होते, स्वतःच्या लेकीसमोर. "माफी मागून टाक, माय. एक शब्द तर हाय. त्यांच्या मुकादमाबिगर आपल्याला टोळीत कोण घेणार? अन् तुझे मार्क सरांच्याच हातात हायत न्हाई का?"

आहेत. मार्क सरांच्या हातात, टोळी मुकादमाच्या हातात, मुकादम साहेबांच्या हातात. दादांचं एक अक्षर खोटं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "न्हाई मागणार, दादा."

दादा उठून बाहेर गेले. ते आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत.

वहिनी दारात उभी होती. तिला परत दिवस गेलेत. हंगामातच भरतील, ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. तिनं हळूच विचारलं, "मंग ते मोबाईलमधलं, खोपीचं, व्हणार न्हाई का?"

"न्हाई वहिनी. यंदा तरी न्हाई."

तिनं मान हलवली आणि चुलीकडं गेली. तिच्या त्या मान हलवण्यानं मला जे झालं ते सभागृहाच्या हसण्यानंही झालं नव्हतं.

मेंटॉर बाईंना मी परत लिहिलं. म्हणाल्या, आपोआप पुसणारी खूण व्हायला वेळ लागेल, करणारा मिळायला पाहिजे. पण साधी खूण नकाशावर कुणीही करू शकतं. आत्ताही. विचारायची गरज नाही.

तर दसऱ्यानंतर टोळी निघेल तेव्हा, हा मुकादम नेवो की दुसरा, मी वहिनीबरोबर जाणार आहे. कॉलेजात गैरहजेरी लागेल. वर्ष जाईल कदाचित. जाऊ दे. आमच्या खोपीची खूण मी करणार, शेजारच्या टोळीची करणार, त्या शिवारात जेवढ्या खोप्या पडतील तेवढ्यांची करणार. जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरच्या मोबाईलमध्ये तो नकाशा घालणार आणि तो त्याला वाचता येईपर्यंत तिथून हलणार नाही. पट्टा पडला की एकेक खूण माझ्या हातानं पुसणार. यंत्राचं काम आहे, मी हातानं करणार.

गाडी तरीही वेळेवर येईल, असं मी वहिनीला सांगितलेलं नाही. मला ते माहीत नाही. पण दवाखान्यात कुणी विचारलं, कुणामार्फत आलीस, तर सांगणार: कुणामार्फत नाही. माझी मी आले.