फेलिकुलाचे सातवे वर्ष

ओलिंदो बात्तिस्तेल्ली उंब्रियातल्या एका डोंगरगावच्या संग्रहालयात एकतीस वर्षे राखणदार होता. लॅटिन त्याला येत नव्हते, पण भिंतीला टेकवलेल्या रोमन थडग्यांच्या शिळा तो नुसत्या बोटाने ओळखे आणि त्यांवरच्या लेखांचा अर्थ त्याला पाठ होता. दर तीन वर्षांनी त्यांच्या कोरीव अक्षरांत लाल रंग भरायचे काम त्याचेच. तिकीट देणारी पिया म्हणे, "ओलिंदो, तुझे मेलेले आमच्या जिवंतांपेक्षा नटलेले असतात."

त्याची मुलगी नीवेस सातव्या वाढदिवसाला अकरा दिवस उरले असताना मेंदूज्वराने गेली. पुढच्या रंगकामात फेलिकुला नावाच्या मुलीची शिळा आली. तिच्यावर कोरले होते: जगली वर्षे सहा. रोमन सहाच्या पुढे त्याने ब्रशने एक उभी रेघ ओढली. सहाची सात झाली.

नऊ मेला, नीवेसच्या वाढदिवशी, तो बायकोला घेऊन आला आणि लेख समजावून सांगितला: जगली वर्षे सात. आर्जियाने त्या रेघेवर बोट टेकवले. "हिला तरी सात पुरी झाली," ती म्हणाली. पुढे दर नऊ मेला ती ठेवणीतला कोट घालून येई, बोट टेकवी आणि जाई. अशी एकोणीस वर्षे.

मग ब्रांदोलिनीबाई संचालक झाल्या. त्यांनी शिळांवर ओला कागद ब्रशने ठोकून ठसे घेतले. कागद वाळला की प्रत्येक खाच उठून दिसते. एप्रिलमध्ये त्यांनी ओलिंदोला बोलावले.

"रंगात सात आहे, ठशात सहा. आधीच्या राखणदाराची चूक असणार."

"नाही बाई. ती रेघ मीच काढली."

"चुकून?"

"नाही."

"ओलिंदो, दगड खोटं बोलता कामा नये."

"दगड कुठे बोलला, बाई? मी बोललो."

त्यांनी कापूस आणि स्पिरिटची बाटली पुढे सरकवली. "मग तुम्हीच पुसा."

मिनिटभरही लागले नाही. खाली संगमरवर गुळगुळीत होता.

नऊ मेच्या सकाळी आर्जियाने कोट घातला.

"शिळांचं दालन बंद आहे," ओलिंदो म्हणाला. "दुरुस्ती चाललीय."

"किती दिवस?"

"बाईंनी सांगितलं नाही."

तिने कोट उतरवला आणि परत खुंटीला लावला. ओलिंदो कामावर गेला आणि नऊ वाजता दालन उघडले.