घरच्याचा जबडा

कुडपणच्या सोनबाने आयुष्यात कधी फसवं जनावर विकत घेतलं नाही. पोलादपूर तालुक्यात कुणाला बैल घ्यायचा झाला की तो आधी घाट चढून सोनबाच्या ओटीवर येऊन बसायचा, कोरा चहा प्यायचा, पावसापाण्याच्या गोष्टी करायचा आणि मग हळूच विचारायचा, "सोनबादादा, उद्या बाजारात येशील काय?" सोनबा जायचा. बदल्यात एसटीचं भाडं आणि एक वेळचं जेवण, बस्स.

बाजारात विकणारा बैलाच्या सात पिढ्यांचं पुराण लावायचा. सोनबा ते एका कानाने ऐकत बैलाच्या नाकात दोन बोटं घालायचा आणि जबडा उघडायचा. दुधाचे दात किती, पक्के किती, झीज कुठवर आली. मग खूर, मग शेपटीचा शेंडा, मग खांद्यावर तळहाताचा दाब. "चार दाती म्हणतोस? अरे, ह्यो कवाच जुळलाय, आठी दात पुरे झालेत. वर चार वर्सं नांगर वडलाय त्यानं." विकणाऱ्याचं तोंड असं व्हायचं की बघणाऱ्यांना बाजाराला आल्याचं सार्थक वाटावं.

स्वतःचं जनावर विकताना मात्र सोनबाची तऱ्हा उलटी. आधी खोड सांगायची, मग किंमत. "पावसात डाव्या पायानं जरा लंगडतो. आता बघ, घ्यायचा तर घे." साळूबाई, त्याची बायको, यावर कपाळाला हात लावायची. "लोक चांगलं सांगतात नि इकतात, आमचा धनी वाईट सांगून इकतो." पण गंमत अशी, की त्याचं जनावर कधी बाजारातून परत आलं नाही.

या सगळ्या परीक्षेला एकच अपवाद होता. सोयऱ्याने किंवा घरच्या माणसाने आणलेल्या जनावराचा जबडा सोनबा उघडत नसे. त्याच्या बापाची तशी सक्त ताकीद होती. पाठीवर हात फिरवायचा, बायकांनी कुंकू लावायचं, भाकरीचा तुकडा द्यायचा आणि मुकाट गोठ्यात बांधायचं. किंमतही विचारायची नाही. देणारा आपण होऊन सांगेल तेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवायचे. "दात मोजलेस म्हंजे त्याच्या शब्दाला तू खोटा म्हणालास," असं बाप म्हणायचा. सासऱ्याने दिलेली एक गाय अशीच आली होती. ती धार काढणाऱ्याला रोज लाथ मारायची. नऊ वर्षं तिने सोनबाच्या घरातल्या प्रत्येकाला लाथा घातल्या, पण सोनबाने सासऱ्याजवळ अवाक्षर काढलं नाही.

या सोनबाला धाकटी बहीण होती, शकू. नवरा वारल्यावर ती सहा वर्षांच्या साहिलला घेऊन माहेरी आली, आणि दोन वर्षांतच श्रावणात पोटदुखीने अंथरुणाला खिळली. वाडीत तेव्हा गाडी नव्हती. घोंगडीची डोली करून चौघांनी तिला खाली न्यायला काढली. पुढचा उजवा खांदा सोनबाचा होता. घाटात निम्म्या वाटेवर, एका वळणाला, डोलीतलं कण्हणं थांबलं. सोनबाला ते खांद्यावर कळलं, पण तो बोलला नाही. आणखी दोन वळणं तसाच चालत राहिला.

साहिलला मग सोनबाने आणि साळूबाईने वाढवलं. स्वतःच्या सुनीलला एक भाकरी तर साहिलला दीड. दात कसे मोजायचे, अंगावरच्या केसांचा भोवरा कुठला वाईट, चाल कशी बघायची, हे सगळं सोनबाने साहिलला शिकवलं, कारण सुनीलला जनावरांत गोडी नव्हती. तो महाडला कारखान्यात लागला. साहिल बोलायला गोड, चार लोकांत मिसळणारा. त्याला महाडजवळ हायवेवर गाड्यांच्या एका शोरूममध्ये नोकरी लागली. नव्या गाड्या पुढे काचेत, थोड्या वापरलेल्या मागे पत्र्याखाली. गळ्यात टाय बांधून पहिल्यांदा घरी आला तेव्हा साळूबाईने त्याची दृष्ट काढली.

शकू गेल्यापासून सोनबाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. दारात गाडी पाहिजे. या घरातली बाई पुन्हा डोलीतून खाली जाता कामा नये. वीस वर्षं ते नुसतंच डोक्यात राहिलं. सुनीलचं लग्न झालं, महाडची समीक्षा सून म्हणून आली, तिला दिवस गेले, तेव्हा सोनबाने शेवटची बैलजोडी विकली, अर्थात लंगडेपणा आधी सांगून. उरलेले पैसे सुनीलने घातले, आणि नवी परवडेना म्हणून जवळजवळ नवी घ्यायचं ठरलं.

"मिस्त्री घेऊन जाऊ बाबा," सुनील म्हणाला. "तो खालून-वरून बघंल."

सोनबा त्याच्यावर खेकसला. "साहिल गाडी दाखवतोय नि तू मिस्त्री नेतोस? लाज नाय वाटत तुला? तुझ्या ताटात जेवलाय तो."

सुनील गप्प बसला. तो गप्प बसला नसता तर ही गोष्टच झाली नसती. पण बापापुढे बोलायची त्या घरात रीत नव्हती.

शोरूममध्ये साहिलने पांढरीशुभ्र, सात जणांची, लांबलचक गाडी पुढे काढून ठेवली होती. मागची सीट आडवी केली की भाताची चार पोती मावतील, किंवा एक आजारी माणूस सरळ झोपेल. सोनबाने ते दुसरंच आधी मनात मोजलं. गाडी दीड वर्षाची, फार तर चौदा हजार किलोमीटर चाललेली. आत मोगऱ्याचा घमघमाट सुटला होता.

"पुण्याच्या एका मॅडमची गाडी आहे, मामा. देवळात नि बाजारात, बाकी कुठे नेली नाही," साहिल म्हणाला. बाजूला त्याचे साहेब उभे होते, म्हणून तो सोनबाला अहोजाहो करत होता. "तुम्ही बघा ना. खाली वाकून बघा. मॅट उचलून बघा. चालवून बघू दे सुनीलला."

तीनदा म्हणाला तो, बघा. सोनबाला हसूच आलं. त्याने गाडीच्या पाठीवर हात फिरवला, बैलाच्या फिरवतात तसाच.

"तू बघितलीस ना रे?"

"बघितलीय."

"मग मी काय बघू?"

साळूबाईने कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. साहिलने सांगितली ती किंमत सोनबाने मुकाट दिली. त्या दिवशी घाट चढताना तो पुढच्या सीटवर बसला होता, आणि निम्म्या वाटेवरचं ते वळण आलं तेव्हा त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. सुनीलने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दोन महिने गाडी बरी चालली. समीक्षा गाडी येण्याआधीच महाडला माहेरी गेली होती; ती तिथेच बाळंत झाली, मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर, भाद्रपदात, तिला आणायला सगळे त्याच गाडीने गेले. पाऊस होता, काचा बंद होत्या, मोगऱ्याची बाटली कधीच संपली होती. समीक्षा बाळाला घेऊन मागे बसली आणि बसल्याबसल्या तिने नाकाला पदर लावला.

"वास कसला येतोय?"

"पावसाचा असंल गो," साळूबाई म्हणाली.

महाड मागे पडलं, पोलादपूर मागे पडलं, तरी समीक्षाचा पदर खाली आला नाही. घाटात चढ लागला आणि गाडीने दोन आचके दिले. समोरचे दिवे एकदम सगळे पेटले, मग सगळे विझले, आणि गाडी थांबली. सुनील किल्ली फिरवतोय, फिरवतोय, आतून हूं नाही की चूं नाही. पुढचं वळण तेच होतं, शकूचं. मागे सव्वा महिन्याचं पोर रडायला लागलं होतं.

समीक्षाने बाळाला सासूकडे दिलं आणि शेजारच्या सीटचा पट्टा हातात घेतला. ती तो ओढत राहिली. हातभर, दोन हात, अगदी शेवटपर्यंत, जिथवर कुणी कधी ओढत नाही. शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी रेघ होती, आणि रेघेच्या खाली वाळलेला, पिठासारखा बारीक गाळ.

"बाबा," ती म्हणाली, "ही गाडी पुरात बुडालेली आहे."

"काय बोलतेस?"

"महाडला पूर आला तेव्हा आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी आलं होतं. नंतर भिंती धुतल्या, रंग काढला, कपाटं फेकून दिली, तरी वर्षभर हाच वास होता. महाडात कुणालाही विचारा. आम्ही जुनी गाडी घ्यायला गेलो की आधी पट्टा ओढतो." तिने पट्टा सोडून दिला. "मी असते तर दारातच सांगितलं असतं."

कुडपण डोंगराच्या माथ्यावर. तिथे पाणी पडतं आणि वाहून खाली जातं; खाली जाऊन ते काय करतं, हे माथ्यावरच्या नाकाला कुठून कळणार? सोनबा भर पावसात खाली उतरला. जे चाळीस वर्षं परक्यांच्या जनावरांना केलं ते त्याने आता गाडीला केलं. मॅट उचलली. सीटखाली हात घातला, तर लोखंडाचा गंज हाताला आला. मागची फळी काढली, जादा चाकाच्या खळग्यात बोटं फिरवली. चिखल, काड्या, आणि तळाला चिकटलेला एक वाळका गोगलगायीचा शंख. एकेक खोड जागच्या जागी होती. वाकून बघणाऱ्या कुणालाही पाच मिनिटांत सापडली असती.

मागून येणाऱ्या दुधाच्या टेंपोने बायकांना आणि बाळाला वर नेलं. पोर सुखरूप पोचली. सोनबा मात्र कितीतरी वेळ गाडीशी उभा राहिला. त्याला राग आधी आला नाही. आधी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो महाडला गेला. रुमालात तो गाळ बांधलेला. साहिलने रुमाल बघितला आणि काही न विचारता त्याला मागे पत्र्याखाली नेलं.

"ठावं व्हतं तुला?"

साहेब येतायत का, ते साहिल वळून बघू लागला.

"इचारतोय मी. ठावं व्हतं?"

"होतं, मामा." मग तो भडभडा बोलायला लागला. साहेब रोज डोक्यावर बसले होते. गाडी चार महिने पडून होती. ही घालव नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नको, असं सगळ्यांसमोर म्हणाले होते.

"मग गिऱ्हाईक का कमी हायत? दुसऱ्या कुणाला इकायचीस."

साहिल म्हणाला, ते इतक्या हळू की सोनबाला पुढे वाकावं लागलं.

"दुसरे सगळे वाकून बघतात, मामा. तू बघणार नाहीस, हे मला माहीत होतं."

सोनबाच्या हातातला रुमाल तसाच राहिला. म्हणजे याने चुकून फसवलं नव्हतं. सगळ्या तालुक्यात शोधून शोधून त्याने एकच असा माणूस काढला, जो त्याने आणलेल्याचा जबडा उघडणार नाही. आणि तीनदा 'बघा' म्हणाला, तो साहेबाला दाखवायला.

"तुझी आय त्याच घाटात गेली, साहिल," तो एवढंच म्हणाला. गाळाचा रुमाल त्याने साहिलच्या हातात दिला आणि स्टँडकडे चालू लागला.

सुनीलने ग्राहक मंचाचं नाव काढल्यावर शोरूमने फारशी खळखळ न करता गाडी परत घेतली. साहिलची नोकरी त्यात गेली. पैसे आले, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दुसरी गाडीही येईल. या खेपेला समीक्षा पट्टा ओढून बघणार आहे. पण सोनबा ओटीवर बसला की गप्पच बसायचा. बैल बघायला चला म्हणून कुणी आलं तर "आता दिसत नाय धड" असं सांगून वाटेला लावायचा. नजर चांगली शाबूत होती त्याची.

कार्तिकात एका सकाळी साहिल वर आला. पोलादपूरपासून पायी, हातात दावं, दाव्याला तांबडी गाय आणि मागे वासरू. टाय नव्हता. बूट चिखलाने भरले होते. अंगणात येऊन तो थांबला.

"पोरीच्या दुधाला आणलीय, मामा," तो म्हणाला. "दुसऱ्या वेताची आहे. मागच्या डाव्या सडाला दूध जरा कमी येतं, ते आधीच सांगतो."

आधी खोड. शिकवलेलं विसरला नव्हता तो. साळूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती लगबगीने आत गेली आणि ताटात हळदकुंकू नि भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आली.

"थांब गो," सोनबा म्हणाला.

तो ओटीवरून उतरला. बंडीच्या बाह्या वर सारल्या. गाईच्या पाठीवर त्याने हात फिरवला नाही. तिच्या नाकात दोन बोटं घातली, मान वर केली आणि जबडा उघडला. दात बोटाने एकेक चाचपले. मग चारी खूर उचलून बघितले. शेपटीचा शेंडा, कानांच्या मागचा भाग. मग खाली बसून चारी सड पिळले. डाव्या सडाला खरंच धार बारीक होती. बाकी साहिल बोलला त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सोनबाने तरी पुन्हा एकदा जबडा उघडला आणि दात पहिल्यापासून मोजले.

साहिल दावं धरून उभा होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्याचा हात वर येत नव्हता.

सोनबा उठला, धोतराला हात पुसले.

"जनावर चोख हाय," तो म्हणाला. "बोला पावणं, किंमत काय सांगता?"

साळूबाई हातातलं ताट तसंच घेऊन आत गेली.