सत्याऐंशी की सत्त्याण्णव

सुखदेव ओव्हाळ एकेकाळी गिटार वाजवायचे, हे आमच्या हडपसरच्या सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. मी त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो, तरी मलाही नव्हतं. पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, पाण्याची मोटर बिघडली की पहिलं बोलावणं यांना, आणि गाड्या धुवायला पाइप लावणाऱ्यांशी वाद घालण्यात सगळ्यांच्या पुढे, एवढीच त्यांची ओळख. गिटारचं मला कळलं ते दोन वर्षांपूर्वी, ते मोबाइल घेऊन माझ्या दारात उभे राहिले तेव्हा. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो.

"हे इंग्रजीत काय लिहिलंय ते नीट सांगा. चैताली सांगते ते मला पटत नाही," म्हणाले. चैताली त्यांची मुलगी. बँकेत नोकरीला असते.

मी वाचलं. एका जपानी गिटार कंपनीचं ते उत्तर होतं. आपण विचारलेल्या क्रमांकाबद्दल आभार. त्या काळातल्या आमच्या कारखान्याच्या नोंदी आता उपलब्ध नाहीत. क्रमांकावरून वाद्य सत्याऐंशी किंवा सत्त्याण्णव सालचं असू शकतं. आपल्या वाद्याचा आनंद घ्यावा.

"म्हणजे चैताली म्हणाली तेच," ते म्हणाले आणि मोबाइल खिशात कोंबून निघून गेले. मग अर्ध्या जिन्यातून परत आले, खुर्चीत बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला सगळं सांगितलं.

तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात होते. 'नवी पहाट' हे त्याचं नाव. कारखान्यातल्या एका गोवेकर सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं, बाकी सगळं कानाने. भीमजयंतीचे कार्यक्रम, गणेश मंडळं, लग्नं, वरातीआधीचा स्टेज. दिवसभर पंप जोडायचे आणि संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर. पहिली काही वर्षं मागून आणलेल्या गिटारवर गेली. मग अठ्ठ्याऐंशी साली कॅम्पातल्या एका खलाशाच्या घरून त्यांनी एक जपानी इलेक्ट्रिक गिटार घेतली. लालभडक. रतनताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगतात की लग्नानंतर घरात आलेली ती पहिली महाग वस्तू. तिच्यासाठी खोळ रतनताईंनी जुन्या गोधडीची शिवली होती.

ती गिटार पंचाण्णव साली गेली. सासवडचा कार्यक्रम करून मंडळी टेम्पोतून परत येत होती, वाटेत चहाला थांबली, आणि परत येऊन बघतात तर खोळीसकट गिटार नाही. जवळच्या चौकीत हवालदाराने पहिला प्रश्न विचारला, नंबर काय. सायकलला नंबर असतो, घड्याळाला असतो, तसा गिटारलाही असणार हे सुखदेवरावांना माहीत होतं. पण तो कधी लिहून ठेवावा असं काही त्यांच्या मनात आलं नव्हतं. नंबर नाही म्हटल्यावर हवालदाराने पेन खाली ठेवलं. तक्रार झालीच नाही. पुढे काही कार्यक्रम त्यांनी परक्या गिटारवर केले, पण मन लागेना. तेवढ्यात की-बोर्डमधूनच गिटारचा आवाज निघायला लागला आणि त्यांना कुणी बोलवेनासं झालं. घरात गाणं लागलं की ते उठून गॅलरीत जायचे, असं रतनताई म्हणतात.

आणि आता, इतक्या वर्षांनी, विहारातल्या महिलांची पेटी दुरुस्तीला टाकायला म्हणून ते शनिवार पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात गेले, तर समोर भिंतीवर ती टांगलेली.

त्यांनी लगेच ओळखली. खालच्या कडेला सिगारेटचा तपकिरी डाग होता. ऑर्केस्ट्राचा गायक स्टेजमागे सिगारेट कुठेही ठेवायचा, त्याचं ते काम. आणि बॉडीच्या खालच्या शिंगासारख्या टोकाजवळ टवका उडाला होता, टेम्पोच्या फाळक्यावर आपटून. त्यांनी दुकानदाराला सांगितलं, ही गिटार माझी आहे, चोरीला गेली होती.

दुकानदार विश्वजीत आठल्ये, चाळिशीतला माणूस. त्याने पेटीचा भाता तपासता तपासताच उत्तर दिलं.

"गिऱ्हाइकाची आहे. दुरुस्तीला आलीय. आपल्याकडे नंबर आहे का?"

पुन्हा नंबर. सुखदेवराव म्हणाले की नंबर नाही, पण डाग आहे, टवका आहे. आठल्ये म्हणाला की डाग नसलेली जुनी गिटार त्याने अजून पाहिलेली नाही. मग हातातलं काम बाजूला ठेवून त्याने ती उतरवली आणि उलटी केली. मानेच्या वरच्या टोकाला, डोक्यामागे, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात, तिथे एक अक्षर आणि त्यापुढे आकडे छापलेले होते. पहिला आकडा सात. या कंपनीत पहिला आकडा म्हणजे साल, असं त्याने सांगितलं. सत्त्याण्णव. आपली कधी गेली म्हणालात? पंचाण्णवला. मग जी गिटार तेव्हा बनलीच नव्हती ती चोरीला कशी जाईल?

 सुखदेवरावांनी मोबाइलवर त्या नंबराचा फोटो काढला, पेटी तिथेच ठेवून बाहेर पडले आणि बस पकडायची सोडून नदीपर्यंत चालत गेले. मला ते म्हणाले की राग दुकानदाराचा नव्हता, त्याच्या हिशोबाचा होता. हिशोब चुकलेला नव्हता आणि गिटार तर त्यांचीच होती.

चूक कुठे होती ते चैतालीने शोधलं. कंपनी सालाचा फक्त शेवटचा आकडा छापायची. ऐंशीच्या दशकातही तसंच आणि नव्वदच्या दशकातही तसंच. म्हणजे सात हा सत्याऐंशीचाही असू शकत होता. ते ऐकून सुखदेवराव त्या रात्री नीट जेवले. खात्रीसाठी तिने कंपनीला लिहिलं, आणि त्याचं उत्तर मी वाचलं तेच. पण पुढचे दोन महिने त्यांनी ज्या तऱ्हेने काढले, ते मी समोरून बघत होतो.

नंबर टाकला की साल सांगणाऱ्या वेबसाइट असतात, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. एकीने सत्याऐंशी सांगितलं. दुसरीने सत्त्याण्णव. तिसरी म्हणाली की असा नंबरच अस्तित्वात नाही. चैतालीने त्यांना गिटारवाल्यांच्या एका फेसबुक ग्रुपवर घातलं. तिथे ब्राझीलचा कुणी म्हणाला की कंपनीच्या नावाची ही अक्षरं ब्याण्णवनंतरची आहेत. पोलंडचा कुणी म्हणाला, अजिबात नाही. ते दोघे आपसात भांडत बसले आणि सुखदेवराव एकेका उत्तराचं भाषांतर करून घ्यायला माझ्याकडे येत राहिले. तिसऱ्याने गिटार विकायची आहे का असं विचारलं. त्या दिवशी त्यांनी माझ्याच टेबलावर मोबाइल आपटला.

"सत्तर टक्के लोकांना मी काय विचारतोय तेच कळत नाही," ते म्हणाले. "मला वस्तू विकायची नाही. मला ती माझी आहे एवढं कुणीतरी म्हणायला पाहिजे."

रतनताई एकदा न राहवून त्यांना म्हणाल्या, "अहो, तुम्हाला गिटार पाहिजे की साल पाहिजे?"  मला वाटतं, तोवर त्यांनाही सांगता येत नव्हतं.

अधूनमधून ते शनिवार पेठेत जाऊन यायचे. आठल्ये त्यांना गिटार खाली काढू द्यायचा, वाजवू मात्र द्यायचा नाही, गिऱ्हाइकाची वस्तू. फक्त एकदा तो आत गेलेला असताना यांनी ती मांडीवर घेतली. डाव्या हाताला मान, म्हणजे बोटं दाबायची ती लांब दांडी, जाड लागली. परकी लागली. त्यांनी ठरवलं की आपली बोटंच आता आखडली असणार, आणि घरी येऊन कोमट पाण्यात हात बुडवून बसले.

शेवटी आठल्येच कंटाळला. एके दिवशी त्याने फोन केला की मालक शनिवारी गिटार न्यायला येणार आहेत, काय बोलायचं ते समोरासमोर बोला, मला रोजची कटकट नको. सुखदेवराव मला सोबत घेऊन गेले. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं.

मालक म्हणजे धायरीचे जयसिंग पोकळे. पांढरा शर्ट, अंगठ्या, दारात उभी केलेली मोठी गाडी. शेत होतं तिथे आता इमारती आहेत, हे त्यांनीच सांगितलं. गिटार त्यांच्या मुलीची, ऋतुजाची. तिच्या कॉलेजच्या वेळी कुठल्याशा होस्टेलमधल्या मुलाकडून त्यांनी ती घेतली होती. मुलगी आता बेंगळुरूला नोकरी करते, दिवाळीला येणार, म्हणून तारा नि वायरिंग दुरुस्त करायला टाकलेली. सुखदेवरावांचं म्हणणं ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"म्हंजी मी चोर हाय?"

सुखदेवराव म्हणाले, तसं कुणीच म्हणत नाही. पण आवाज चढलेला होता, दोघांचाही. पोकळे म्हणाले की त्यांनी उजळ माथ्याने पैसे देऊन वस्तू घेतली, आणि कुणी वाटेवरचा माणूस उठून म्हणेल माझी, तर द्यायची का? सुखदेवराव म्हणाले, मी वाटेवरचा नाही, मी हिच्यावर सात वर्षं वाजवलंय. मी मध्ये काहीतरी गुळमुळीत बोललो, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आठल्ये तोवर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला होता. त्याने सांगितलं की या जातीच्या गिटारची मान चार स्क्रूंवर बसवलेली असते. काही कारखाने मान आणि बॉडी जोडण्याआधी दोन्हींच्या आतल्या बाजूला तारखेचा शिक्का मारायचे. असेल तर असेल, नसेल तर नसेल. पण उघडायची तर मालकाच्या परवानगीने.  पोकळे म्हणाले, उघडा, एकदाचा सोक्षमोक्ष लागू द्या.

तारा सैल केल्या, स्क्रू निघाले, मान हातात आली. आठल्येने ती दिव्याखाली धरली. तिच्या बुडाशी निळा शिक्का अगदी स्वच्छ दिसत होता. सत्त्याण्णव.

सुखदेवराव भिंतीला टेकले. मला त्यांच्याकडे बघवेना. पोकळ्यांच्या तोंडावर मात्र आनंद नव्हता. 

आठल्येने नेहमीच्या सवयीने बॉडीतली मान बसायची खोबण कापडाने पुसली आणि थांबला. मग बॉडी आमच्याकडे वळवली. खोबणीत तसाच निळा शिक्का होता, जरा फिका. सत्याऐंशी.

"मान नंतर बदललेली आहे," तो म्हणाला. "तुम्ही दोघंही बरोबर आहात. आता भांडायचं असेल तर बाहेर भांडा."

इतके दिवस ज्या आकड्यावरून जगभर चौकशा केल्या तो आकडा दुसऱ्याच कुठल्या तरी गिटारच्या मानेवरचा होता. त्या आकड्याने खरं तेच सांगितलं होतं, फक्त ते यांच्या गिटारबद्दल नव्हतं. सुखदेवराव त्या लाल लाकडावरून हात फिरवत राहिले. डाग, टवका, सगळं जागच्या जागी. मी मनात म्हटलं, आता तरी यांना बरं वाटेल. पण त्यांचा चेहरा आणखीच उतरला.

पोकळे घसा साफ करून म्हणाले, "ओव्हाळसाहेब, ही खालची तुमची. घेऊन जा. पोरीला मी नवी घेईन."

"खालची घेऊन काय करू?" सुखदेवराव म्हणाले. "माझे हात मानेवर होते. डाग तर दुसऱ्याने पाडलेला."

त्यांनी स्वतःच आठल्येला सांगितलं की जोडून टाका. तो जोडेपर्यंतही थांबले नाहीत.

परतीच्या वाटेवर ते सबंध वेळ एकच हिशोब मांडत होते. मान कुणी बदलली असेल? मोडली असेल का? चोराने मोडली की त्या होस्टेलमधल्या मुलाने? मी म्हटलं की निदान तुमची होती हे तर सिद्ध झालं. ते माझ्यावर जवळजवळ ओरडले, की काय सिद्ध झालं, अर्धं? पुढे कितीतरी दिवस ते माझ्याकडे आले नाहीत. चैतालीला त्यांनी तो फेसबुक ग्रुप काढून टाकायला लावला.

दिवाळीत ऋतुजाचा फोन आला. वडिलांनी तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली की काका, एकदा घरी या, वाजवा. ते 'पाहू' म्हणाले आणि भाऊबीज होऊन गेल्यावर, रतनताईंनी चारदा म्हटल्यावर, धायरीला गेले. सिंहगड रोडवर बस तासभर अडकली तेव्हा मधेच उतरून परत फिरणार होते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

तिथे त्यांनी वाजवलं. जयंतीच्या कार्यक्रमाची सुरुवात ज्या तुकड्याने व्हायची तो त्यांनी धरला, आणि तिसऱ्या-चौथ्या सुरावर बोट चुकलं. पुन्हा धरला, पुन्हा चुकलं.  ऋतुजाने मग तो तुकडा त्यांच्याकडून तोंडाने गाऊन घेतला आणि स्वतः वाजवला. बरोबर वाजवला. तिची बोटं त्या मानेवर वाढलेली होती. ती म्हणाली की मी बेंगळुरूला असते, गिटार इथे धूळ खाते, तुम्ही ठेवून घ्या, मी आले की नेईन.

सुखदेवराव नाही म्हणाले. पोकळ्यांनी आग्रह केला, ऋतुजाच्या आईने चहावर चहा केला, तरी नाही. रागाने नव्हे, असं ते मला सांगत होते. पण सांगताना रागावलेलेच होते. "बाई, मला पूर्ण पाहिजे होती," एवढंच त्यांनी तिला सांगितलं.

पोकळ्यांनी त्यांना गाडीतून बस स्टॉपवर सोडलं. उतरताना विचारलं, "दुसरी अर्धी कुठं असंल हो?"

"असेल कुठेतरी," सुखदेवराव म्हणाले. "कुणाच्या तरी गिटारला लावलेली. आणि तो माणूस तिच्यावरचा नंबर वाचून चुकीचं साल सांगत असेल."

पोकळे मोठ्याने हसले. सुखदेवराव हसले नाहीत. बस आली, भरलेली होती, ते उभेच राहिले. घरी आल्यावर त्यांनी रतनताईंना विचारलं की ती गोधडीची खोळ तुला आठवते का, कुठल्या लुगड्याची होती. त्या म्हणाल्या, निळ्या. ते म्हणाले की त्यांना हिरवी आठवत होती. त्यावरून दोघांचं जेवण होईपर्यंत वाजलं.