चांदही गुलफामच्या बाजूचा

अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीत, इनायतुल्लाचं गादीचं दुकान आणि गुलफामचं कूलरचं दुकान समोरासमोर आहे. दोघं एकमेकांचे साडू. थोरली बहीण अकीला इनायतुल्लाच्या घरी, धाकटी रुबीना गुलफामच्या. गल्लीतल्या माणसाला एवढं सांगितलं की पुरे. तुम्ही गल्लीतले नाही, म्हणून बाकीचं सांगतो.

गादीचा धंदा थंडीचा, कूलरचा उन्हाळ्याचा. आणि बकरी ईद तर दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. ज्या काळी ती ऐन थंडीत यायची, त्या काळी इनायतुल्लाच्या दारात असा बकरा बांधलेला असायचा की जाणारा सायकलवरून उतरून बघायचा. गुलफाम तेव्हा समोर रिकाम्या दुकानात पत्रा ठोकत बसायचा. मग ईद सरकत सरकत पावसाळा ओलांडून उन्हाळ्यात येऊन बसली. आता अकोल्याचा उन्हाळा म्हणजे गुलफामचा सुगीचा हंगाम! आणि त्या भट्टीत रजई भरून घ्यायला कोण येतो?

"चांदबी गुलफामच्या बाजूनं झाला," असं इनायतुल्ला म्हणे, आणि लगेच तौबा तौबा करून गालांना हात लावी.

पण त्याचं खरं दुखणं एका पन्नीत होतं.

कुर्बानीचे तीन वाटे करतात : घरचा, नातलगांचा आणि गरिबांचा. आमच्या गल्लीची रीत अशी की नातलगांचा वाटा झाकणाच्या डब्यातून जातो, घरचं माणूस तो हातानं नेऊन देतं. गरिबांचा वाटा पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, बांधून देतात. मागच्या वर्षी इनायतुल्लाला बकरा घेणं जमलं नाही, आणि गुलफामच्या घरून त्याच्या दारी आली ती पन्नी.

"घाईत डबा सापडला नसंन रुबीनाले," अकीलानं समजूत घातली.

"घरात भांड्यायची मांडणी भरली हाय, अन् एक डबा नाही सापडत? त्यानं मले साडूत नाही धरलं, गरिबात धरलं!"

वर्षभर तो माणूस ती पन्नीच चघळत होता.

यंदा गुलफामनं ईदच्या बऱ्याच आधी काळाभोर, गुबगुबीत बकरा आणला आणि दुकानात चक्क चालू कूलरसमोर बांधला. इनायतुल्ला घामानं भिजलेली बनियन झटकत माझ्याकडे आला.

"काका, माह्या घरात माणसाले कूलर नाही, अन् येच्या बकऱ्याले कूलर!"

"अरे, कान पाह्यले का त्याचे?" मी म्हटलं. "हवेनं कसे उडून राहिले."

आता असं बोलायची काही गरज होती का? नव्हती. पण कढई तापलेलीच असली, तर भजं सोडल्याशिवाय राहवतं का कोणाला?

त्याच सुमाराला हिवरखेडच्या खुशालरावांकडे लेकीचं, रागिणीचं, लग्न होतं. रुखवताच्या गाद्या भरायला इनायतुल्ला तिथं गेला आणि गोठ्यात त्याला एक बकरा दिसला. उंचापुरा, लांब कानांचा. गादी मापायच्या पट्टीनं त्यानं त्याची उंची मापली आणि मजुरीच्या बदल्यात बकराच मागितला. खुशालरावांनी हसत दोरी हातात दिली.

घरी अकीला कपाळ धरून बसली. त्या मजुरीतून पावसाळ्याआधी छपराचे पत्रे बदलायचे ठरले होते.

"आपल्यावर कुर्बानी वाजिब तरी हाय का?" ती म्हणाली. "मौलाना म्हणते, ज्याची ऐपत हाय त्याच्यावरच ते बंधन."

"म्हंजे तूबी मले गरिबातच धरलं!"

इनायतुल्लानं बकरा बरोब्बर गुलफामच्या दाराकडे तोंड करून बांधला. गल्ली जमली. कितीचा, म्हणून जो तो विचारू लागला, आणि इनायतुल्ला मान तिरपी करून म्हणे, "शौकाचं मोल नसते बाप्पा."

गुलफाम रस्ता ओलांडून आला. त्यानं उंची पाहिली नाही, कान पाहिले नाहीत. सरळ खाली बसला आणि दोन बोटांनी बकऱ्याचा ओठ उचलला. मग वर बघून हळूच म्हणाला,

"इनायतभाई, हा तं दूधपिता हाय."

खाली वाकून मीही पाहिलं. सगळे दुधाचे दात! बकरा वर्षाचा झाल्याशिवाय कुर्बानीला चालत नाही, हे आमच्या गल्लीत लहान लेकरालाही ठाऊक. इनायतुल्लानं घाईघाईनं खुशालरावांना फोन लावला.

"पोळ्याले झाला थो," फोनमधून आवाज आला. "आमी बैल धुवून राहिलो होतो, तवाच."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"इनायतभाऊ, तुमी उंची मापली. वय कुठं विचारलं?"

गल्ली अशी हसली की काळा बकराही कूलर सोडून बघायला लागला.

ईदच्या दिवशी नमाज पढून आल्यावर इनायतुल्ला दाराकडे पाठ करून कापूस पिंजत बसला. पिंजायचं काही नव्हतं. पिंजलेलाच पुन्हा पिंजत होता. दुपारी उंबऱ्यावर चप्पल वाजली. त्यानं मान वळवली नाही, पण डोळा वळवला. डबा होता. झाकणाचा. आणि तो घेऊन खुद्द गुलफाम उभा होता.

"मागच्या साली पन्नी म्याच पाठवली होती," गुलफाम डबा ठेवत म्हणाला. "मुद्दाम."

"काहून बे?"

"थंडीतल्या ईदा आठवते का? तुमच्या दारात थो मोठा बकरा, अन् माह्या दारात तुमच्या घरची पन्नी. रुबीना नवी नवरी होती. पाहून रडली."

इनायतुल्ला आठवत राहिला. काही केल्या आठवेना.

"मंग यंदा डबा काहून?"

"तुमाले एवढं जळताना पाह्यलं, माहं पोट भरलं," गुलफाम म्हणाला, आणि गळाभेट घेऊन गेला.

इनायतुल्लानं झाकण उघडलं. आत अख्खी रान, बकऱ्याची मागची तंगडी.

"पाह्य, पाह्य! दाखवाले पाठवलं येनं!"

"पन्नीत आलं तरी तुमची बोंब, डब्यात आलं तरी बोंब," अकीला म्हणाली आणि रान घेऊन चुलीकडे गेली.

आमच्याकडे डबा रिकामा परत जात नाही. अकीलानं त्यात शिरखुर्मा भरला. इनायतुल्लानं डब्यासोबत नवी कोरी उशी पाठवली, स्वतः भरलेली. ती इतकी कडक भरली होती म्हणे, की गुलफाम ईदभर मान वाकडी करूनच सगळ्यांना मुबारक देत होता.

दूधपित्याला पुढच्या वर्षासाठी ठेवलंय. चांगला पोसतोय. इनायतुल्ला दुकानात बसून बोटांवर हिशेब करतो : ईद थंडीकडे निघालीच आहे, आज ना उद्या पोचेल, मग बघू गुलफामला. बकऱ्याला मात्र एवढा दम नाही. दोरी जरा सैल झाली की तो रस्ता ओलांडतो आणि गुलफामच्या कूलरसमोर जाऊन, कान उडवत, डोळे मिटून बसतो.