राणी आणि सभासद

डुक्कर पारखावं ते आर्डिस त्वेतने, हे आयोवातल्या त्या गावात तिच्या वडिलांनाही मान्य होतं. पण ती शाळेत असताना शेतकी विद्यार्थ्यांच्या संघटनेत मुलींना जागा नव्हती. मुलांनी तिला वार्षिक मेजवानीची राणी निवडलं, हातात फुलं देऊन फोटो काढला. मग जनावराची पाठ कशी बघायची हे ज्यांना तिनेच शिकवलं होतं, त्यांच्या बक्षिसांना तिने टाळ्या वाजवल्या.

तिची शाळा संपली आणि दोनच वर्षांनी, १९६९ साली, संघटनेने मुलींना सभासद करून घेतलं. धाकटी बहीण लोरीन आता संघटनेचं निळं कॉर्डरॉयचं जॅकेट घालूनच जेवायला बसायची. छातीवर सोनेरी धाग्यात तिचं नाव.

"अगं, ग्रेव्ही सांडेल त्यावर," आई म्हणायची.

सांडू दे, आर्डिसला वाटायचं.

जिल्ह्याच्या स्पर्धेत चार डुकरांचा क्रम लावायचा आणि परीक्षकासमोर उभं राहून कारणं तोंडपाठ सांगायची असत. आदल्या दिवशी लोरीनने गोठ्यात सराव केला. पहिल्याचं तोंडभरून कौतुक, शेवटचं सरळ मोडीत. क्रमात खाली टाकलेल्या जनावराचं जे चांगलं असेल ते आधी कबूल करायचं असतं. नाहीतर गुण कापतात. आर्डिसला ते लगेच खटकलं.

"कसं झालं गं?"

"झकास," आर्डिस म्हणाली.

वडील मक्याच्या पेरणीत अडकले होते, म्हणून सकाळी ट्रक आर्डिसनेच चालवला. स्पर्धेच्या शेडबाहेर लोरीन नखं कुरतडत उभी होती.

"बाबा म्हणतात, मी हुबेहूब तुझ्यासारखी बोलते."

हे मात्र आर्डिसला झोंबलं. आपल्यासारखी, आणि इतकं कच्चं?

"तोंडातलं बोट काढ आणि ऐक. ज्याला खाली टाकशील, त्याचं काय चांगलं आहे ते आधी सांगायचं. लांबी असेल, पाय असतील. कबूल कर, आणि मग का टाकलंस ते बोल."

लोरीन बघतच राहिली. "हे तुला काल माहीत नव्हतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझा हेवा वाटत होता म्हणून."

"आणि आता?"

"आताही वाटतोय. जा, तुझं नाव पुकारतायत."